साठ साड्या जांगडवर : मोहाडी तालुक्यातल्या एका विणकर गटाचं प्रकरण

साठ करवतकाठी साड्या आणि शंभरेक दुपट्टे डिसेंबर लागायच्या आत शहरात पोचते करायचे, आणि सगळा माल जांगडवर. विकला गेला तर पैसे, नाही तर गठ्ठा परत. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातल्या एका विणकर गटाकडे श्रावणात असा निरोप आला. पाठवणारी शहरातली एक डिझायनर. तिथे दरवर्षी भरणाऱ्या फॅशन महोत्सवात तिला रॅम्पवर वेळ मिळाली होती आणि शेजारच्या दालनात विक्रीचा स्टॉलही. तिकीट काढून कोणीही आत यावं, कपडे बघावेत, आवडले तर तिथल्या तिथे घ्यावेत, असा तो महोत्सव.

मी या गटाचा हिशेब लिहिते. गटाचं, गावाचं किंवा डिझायनरचं नाव इथे देत नाही, कारण कोणाशी भांडण झालेलं नाही. प्रश्न व्यवहाराच्या मांडणीचा आहे, आणि पूर्व विदर्भात कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्या बऱ्याच घरांपुढे तो याच रूपात येतो. माझं मत आधीच सांगते. जांगडवर साठ साड्या द्यायला गटाने नकार दिला ते बरोबरच केलं. आणि नकार देऊन गप्प न बसता आपल्या अटी लिहून पाठवल्या, याचं मला जास्त कौतुक आहे.

माल कोणता

करवतकाठी साडीचं अंग कोशाचं आणि काठ बहुधा सुती. काठ जिथे अंगाला मिळतो तिथे करवतीसारखे दाते. हे दाते वरून छापलेले किंवा भरलेले नसतात. धोटा म्हणजे आडवा धागा वाहून नेणारी लाकडी नळी. डाव्या काठाला एक धोटा, मधल्या अंगाला दुसरा, उजव्या काठाला तिसरा असे तीन धोटे चालतात. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, काठातच फिरतो, अंगाचा अंगातच, आणि दात्यांच्या रेषेवर दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून काठाचा रंग गच्च राहतो, त्यात अंगाचा रंग मिसळत नाही. एकाच धोट्याने सरळ विणत जाणाऱ्या मागाचा वेग इथे मिळत नाही. काठाच्या नक्षीप्रमाणे एका साडीला आठवडा, कधी दहा-बारा दिवस लागतात. धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरणं, ताणा म्हणजे उभे धागे तयार करणं, मागाच्या वहीतून (उभे धागे उचलणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटीतून) ते ओवणं यात घरातल्या बायकांचे किती तास जातात ते वेगळंच. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात ३५.२२ लाख विणकर आणि पूरक कामगार नोंदले गेले. त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त बाया आहेत. आमच्या गटातही माग पुरुषाच्या नावावर असतो आणि त्यामागची निम्मी मेहनत बाईची असते.

कोशाचं सूत स्वस्त नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचे हे कोष. गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्यात ते पिढ्यानपिढ्या ढिवर समाजाची माणसं जंगलात राखण करून घेतात. कोष सोड्याच्या पाण्यात उकळायचा, मग धागा काढायचा. पूर्वी हा धागा बायका उघड्या मांडीवर घासून काढत, मांडीची सालटं निघत. केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचं यंत्र आणून ती पद्धत बंद करायचा प्रयत्न केला. आणलं नसतं तर मी स्वतः या कापडाची भलामण केली नसती. एका साडीला अर्ध्या किलोच्या आसपास सूत जातं आणि ते किलोला हजारोंच्या भावाने रोखीत घ्यावं लागतं. साठ साड्यांच्या निरोपाकडे बघताना हे सूत आधी डोळ्यांपुढे येतं.

लोकांसाठी उघडा महोत्सव कसा चालतो

फॅशनचे आठवडे मुळात सर्वसामान्यांसाठी नव्हतेच. १९४३ मध्ये युद्धामुळे अमेरिकेतल्या पत्रकारांना पॅरिस गाठता येईना, तेव्हा एलिनॉर लॅम्बर्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘प्रेस वीक’ भरवला. पुढे पॅरिस, मिलान, लंडन इथल्या आठवड्यांची रीत पक्की झाली. समोर पत्रकार आणि दुकानांचे खरेदीदार बसतात, पुढच्या हंगामाचे नमुने बघतात, मागण्या नोंदवतात. फेब्रुवारीत दाखवलेला कपडा दुकानात यायला सहा महिने असतात. भारतात २००० साली दिल्लीत पहिला फॅशन वीक झाला तोही याच धाटणीचा. त्या रीतीत विणकराला एक मोठी सोय असते. आधी नमुना, मग मागणी, मग माल.

शहराचा उघडा महोत्सव याच्या उलट चालतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा महोत्सव हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. तो १९९० च्या दशकापासून चालू आहे. दक्षिण गोलार्धात उन्हाळा सरून शरद लागतो त्या सुमारास तो भरतो. १८८० साली बांधलेल्या रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगमध्ये त्याचे रॅम्प बरीच वर्षं झाले. साधा माणूस तिकीट काढून जातो, आणि रॅम्पवर दिसणारे कपडे बहुतांशी त्याच हंगामाचे, दुकानांत आलेले असतात. बघितलं, आवडलं, घेतलं.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजायला मंडई आठवली की पुरते. भाऊबीजेनंतर भंडारा-गोंदियात गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक असतं, पाहुणे येतात, आणि दुकानदाराकडे जे मांडलेलं असेल तेच विकलं जातं. मंडईत कोणी पुढच्या महिन्याची ऑर्डर देत नाही.

मेलबर्नसारख्या महोत्सवाच्या पाठीशी मात्र दुकानं असतात. चार दिवसांत नाही विकला गेला तर कपडा सोमवारी दुकानात टांगलेला असतोच. त्यांच्यासाठी महोत्सव म्हणजे दुकानाकडे आणणारा रस्ता. मोहाडीच्या विणकरामागे दुकान नाही. पाचव्या दिवशी उरलेली साडी त्याच्या घरी, पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात. या सगळ्या प्रकरणाची गाठ मला इथे दिसते. लोकांसाठी उघडा महोत्सव मागणीवर चालत नाही, साठ्यावर चालतो. साठा करायला भांडवल लागतं, आणि जांगडच्या अटीवर ते सगळं भांडवल या साखळीतल्या सगळ्यात गरीब माणसाने घालायचं असतं.

श्रावण ते मार्गशीर्ष

शहरातून बघितलं तर श्रावणापासून डिसेंबरपर्यंत चार महिने मोकळे दिसतात. आमच्याकडे ते तसे नसतात. ताण्याला पाजण करावी लागते, म्हणजे खळ लावून तो गल्लीत किंवा आंब्याखाली लांब ताणून वाळवावा लागतो. पावसाळ्यात दोन दिवसांचं ऊन सलग मिळेल याची खात्री नसते. खड्डामागाच्या, म्हणजे पाय खड्ड्यात सोडून चालवायच्या जमिनीतल्या मागाच्या, खड्ड्यात ओल धरते, सूत दमट होऊन तुटतं. श्रावणात काही घरची माणसं अजून रोवणीत असतात. दिवाळीच्या आगंमागं धानाची कापणी येते, मग बांधणी आणि चुरणं, म्हणजे मळणी. विणकर असला तरी दोन-तीन एकर धान असलेला माणूस त्या दिवसांत मागावर बसत नाही, आणि त्याने बसावं असं म्हणणं मला पटत नाही. वर्षाचा तांदूळ त्यातून येतो.

गटात चौदा माग, पैकी नेमाने चालणारे नऊ. महिन्याला मागामागे तीन साड्या धरल्या तर सत्तावीस. पाऊस आणि कापणी वजा जाता हाती येतात दोन महिने, तेही नीट गेले तर. म्हणजे चोपन्न साड्या. यात एकाही घरी आजारपण नाही, एकही ताणा बिघडला नाही, असं धरलेलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नागपूरच्या ज्या व्यापाऱ्याला हा गट वर्षानुवर्षं माल देतो, त्याला चार महिने एकही साडी मिळणार नाही. तो व्यापारी भाव पाडून घेतो हे खरं. पण तो सूत उधार देतो आणि साडी हातात पडली की पैसे मोजतो. चार महिने माल थांबला तर तो दुसरं गाव बघणार.

मी हा हिशेब वहीत मांडला आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवला.

बैठक

बैठक एका घराच्या पडवीत झाली. तरुण पोरांना जायचं होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शहरातल्या लोकांना करवतकाठी ठाऊकच नाही, पैठणी सगळ्यांना ठाऊक आहे, कारण पैठणी दिसत राहिली. रॅम्पवर गेलो, फोटो आले, की नाव होईल.

“नाव होते त होते, पन कोनाचं होते ते आधी इचार,” गटातले सगळ्यात ज्येष्ठ काका म्हणाले. “आन् साठ साड्या इणून ठेवाच्या, नाई गेल्या त? मंग तो गठ्ठा घेऊन मी कुठी जाऊ?”

कांड्या भरत बसलेल्या एका काकूंनी मान वर न करता सांगितलं, “त्या बाईले म्हना, सूत तरी तुमी द्या. मेहनत आमची, सूत तुमचं. मंग इस्वास बसते.”

पुढे जे काही लिहिलं गेलं ते या वाक्यावरून निघालं. जांगडमध्ये डिझायनरचं नुकसान शून्य आणि विणकराचं पूर्ण. सुताचे पैसे तिने आधी दिले की ती उगाच साठ मागणार नाही, खपेल तेवढंच मागेल. आकडा आपोआप जमिनीवर येतो.

एक कायद्याचा मुद्दा मी जोडला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, असं २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात आहे. गटाची लघुउद्योग म्हणून सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आहे, त्यामुळे हा हक्क आम्हाला आहे. पण जांगडवर दिलेल्या मालाची विक्री झाली कधी, हेच वादात राहतं. मग ४५ दिवस मोजायचे कुठून? माल विकत दिला आणि बिल फाडलं तर ही मुदत आपल्या कामी येते. विणकर मुद्रा योजनेत ६ टक्के व्याजाने कर्ज मिळतं, ते काढून साठा करावा असंही एकाने सुचवलं. मी विरोध केला. ज्या मालाला गिऱ्हाईक ठरलेलं नाही त्यासाठी सवलतीचं असलं तरी कर्ज काढू नये. सुताची खरेदी आणि मागाची दुरुस्ती यासाठी ते राखून ठेवावं.

आमच्या अटी

पत्र एका पानाचं झालं. साठऐवजी वीस साड्या, त्यातल्या पाच रॅम्पसाठी. दुपट्टे चाळीस, कारण दुपट्टा लवकर होतो आणि तिकीट काढून आलेल्या कॉलेजच्या मुलीलाही तो परवडतो. सुताचे पैसे आधी. माल पोचला की उरलेल्यातले निम्मे, आणि बाकीचे बिलापासून ४५ दिवसांत. न खपलेला माल परत नाही. स्टॉलवर ऑर्डर-वही ठेवायची, ऑर्डरचे निम्मे पैसे आगाऊ, आणि माल देण्याची तारीख विणकर ठरवणार. प्रत्येक साडीला विणणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. गटातला एक विणकर आणि एक बाई स्टॉलवर बसणार, त्यांचं जाणंयेणं, राहणं आणि बुडालेली मजुरी डिझायनरकडे.

तिचं उत्तर आलं ते समंजस होतं. बहुतेक मान्य केलं, दोन गोष्टींवर अडली. एक म्हणजे तिला करवत नसलेलं साधं कोसा कापड मीटरवर हवं होतं, त्याची जाकिटं शिवायची होती. त्यात आमची हरकत नव्हती, पण त्याला करवतकाठी म्हणायचं नाही असं लिहून घेतलं. करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव कायद्याने याच प्रदेशातल्या मालाला राखलेलं आहे, आणि ते नाव कशालाही लावलं तर उद्या नावाला किंमत राहणार नाही. जाकिटाच्या बाबतीत आणखी एक हिशेब तिच्याकडून आम्हाला कळला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या शिवलेल्या कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे, न शिवलेल्या साडीला ५. त्यामुळे जाकीट गिऱ्हाइकाला चांगलंच महाग पडतं. तिने जाकिटं कमी केली.

दुसरं म्हणजे तिला खड्डामाग स्टॉलवर चालता हवा होता. खड्डा काही ट्रकमध्ये घालून नेता येत नाही! शेवटी लाकडी चौकटीचा लहान माग न्यायचं ठरलं, त्यावर हातभर रुंदीचा ताणा आणि तीन धोटे. साडी नाही, पण करवत कशी पडते ते दिसेल इतपत.

महोत्सवाचे दिवस

रॅम्पबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे सांगण्यासारखं थोडं आहे. दिव्यांच्या झोतात कोशाचा मधाळ रंग फार देखणा दिसतो, त्याला रंगवायची गरजच नाही. पण करवतीचे दाते तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाहीत. मागच्या पडद्यावर काठाचं जवळून काढलेलं चित्र लावायला हवं होतं, ते लावलं गेलं नाही. शेवटी विणकराला मंचावर बोलावून टाळ्या वाजवल्या. काकांनी हात जोडले आणि उतरले. टाळ्या मनापासून होत्या यात मला शंका नाही. तरीही कार्यक्रमाच्या छापील पत्रिकेत गटाचं नाव असतं तर मला अधिक बरं वाटलं असतं, कारण पत्रिका घरी जाते.

खरं काम स्टॉलवर झालं. लहान मागाभोवती गर्दी हटत नव्हती. काका धोटा फेकत, दात्यापाशी थांबत, धागा अडकवत, आणि लोक विचारत, “एका दिवसात किती होतं?” काका हातभर लांबी दाखवत. त्यानंतर किमतीवर घासाघीस करणारं मला कोणी दिसलं नाही. जी साडी पाच आकड्यांत जाते ती तेवढी का जाते, हे फलकावर कितीही लिहिलं तरी पटत नाही, माग बघितल्यावर पटतं.

दोन दालनं सोडून यंत्रमागावर विणलेली ‘कोसा’ साडी आमच्या चौथ्या हिश्श्यात विकली जात होती. सूत बहुधा कृत्रिम. धागा जाळून बघितला तर रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिएस्टरचा मणी होतो. पण गर्दीच्या दालनात कोण काडी लावू देणार? म्हणून काकू प्रत्येकाला साडी उलटून दाखवत. काठाचा बाणा अंगात शिरत नाही, उलट्या बाजूलाही दाता तसाच धारदार असतो. नकली काठात अंगाचा धागा काठभर पसरलेला असतो, म्हणून रंग मळकट दिसतो. शेवटच्या दिवशी तर गिऱ्हाइकंच एकमेकांना साडी उलटवून दाखवत होती.

दुपट्टे सगळे गेले. साड्या निम्म्याहून जास्त गेल्या, बाकीच्या करारानुसार डिझायनरच्या दुकानात राहिल्या, आमच्या पेटीत आल्या नाहीत. ऑर्डर-वहीत मात्र मी काय घडतं ते बारकाईने बघितलं. दोन महिने लागतील म्हटल्यावर बरेच जण हसून पुढे गेले. त्यांना लग्न होतं, वाढदिवस होता, आत्ता हवं होतं. जे थांबले ते मागापाशी उभं राहून गेलेले होते. त्यातल्या बहुतेकांनी निम्मे पैसे तिथेच दिले. एका बाईंनी तर मुलीच्या लग्नाची तारीख सांगून त्यामागे चार महिने मोजले आणि हिरव्या काठाची साडी नोंदवली. असं गिऱ्हाईक मेळ्यात दहात एक असतं. पण विणकराला दहाची गरज नाही, त्या एकाचीच आहे, आणि ते फक्त नमुना आणि माग समोर असला की सापडतं.

परत आल्यावर

सुताचे आणि निम्मे पैसे आधीच आले होते. उरलेले मुदतीच्या आत आले, त्यासाठी फोन मात्र करावे लागले. नागपूरच्या व्यापाऱ्याचा माल थांबला नाही, कारण नऊपैकी पाच मागच महोत्सवाच्या कामाला होते. त्याला फोटो बघून सगळं कळलं होतं. त्याने मजुरी थोडी वाढवून दिली. ती आमच्या प्रेमापोटी वाढली असं कोणी मानत नाही, तरी वाढली.

अडचण आली ती मानांकनाची. स्टॉलवर दोघा-तिघांनी प्रमाणपत्र मागितलं. मानांकन प्रदेशाच्या मालाला मिळतं, पण ते चिन्ह वापरायला प्रत्येक विणकराने स्वतःचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवावं लागतं. गटात ही नोंद मोजक्यांचीच होती. आता उरलेल्यांचे अर्ज भरायचं काम चालू आहे, आणि यात कांड्या भरणाऱ्या, ताणा करणाऱ्या बायकांची नावं कशी घ्यायची यावर घराघरांत बोलणं चाललंय. काकूंचा आग्रह आहे की साडीच्या चिठ्ठीवर दोन नावं हवीत, विणणाऱ्याचं आणि सूत तयार करणारीचं. मी त्यांच्या बाजूने आहे.

यंदाचं पत्र गटाने चैत्रातच पाठवलं. सुताचे पैसे अक्षय तृतीयेपर्यंत मिळाले तर पाजण पावसाआधी उरकते आणि ताणे गुंडाळून ठेवता येतात. मग ओलीच्या दिवसांत फक्त विणणं राहतं. डिझायनरने साड्यांचा आकडा पंचवीसवर नेला आहे, पडद्यावर काठ जवळून दाखवायचं कबूल केलं आहे. चिठ्ठीवरच्या दुसऱ्या नावाबद्दल तिचं उत्तर अजून यायचं आहे.